किलोभर पोहे

आमच्या घरात 'वजन कमी करायचंय' असं कुणी म्हटलं, की सगळे आधी माझ्या पोटाकडे बघतात. यंदाच्या मे महिन्यात मात्र धाकट्या जावेने ओटीवर चटई अंथरली, स्वयंपाकघरातला काटा मधोमध ठेवला आणि मला म्हणाली, "ताई, तुझी सॅक आण आणि सगळं इथे ओत." मी ओतलं. त्या ढिगाकडे बघून ती काहीच बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा समजायचं की आपलं काही खरं नाही.

नागावात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. दोघे भाऊ वाडी बघतात, खोल्या आणि स्वयंपाक माझ्याकडे, आणि जाऊ अलिबागच्या शाळेत गणित शिकवते. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, अंगाने काडी, वजन अठ्ठेचाळीस किलो. माझं विचारू नये. डोंगराचा नाद आम्हाला पाहुण्यांनीच लावला. दर हिवाळ्यात मुंबईचे काही गिर्यारोहक आमच्याकडे उतरायचे. एकदा सहज म्हणून त्यांच्याबरोबर सागरगडावर गेलो आणि मग आम्ही दोघी जातच राहिलो. कंबरेला दोर बांधून कातळ चढायला शिकलो, पुढे हिमाचलात जाऊन बर्फावर चालायला शिकलो. गावात म्हणायचे, या दोघींना घरात करमत नाही. खोटं कशाला बोलू, नव्हतंच करमत.

पण मला एक खोड आहे, आणि ती धंद्यातून आली आहे. पाहुणा म्हटला की तो काहीतरी विसरून येणारच. टॉवेल, चार्जर, पोराचं तापाचं औषध, पोहायचे कपडे. म्हणून माझ्याकडे प्रत्येक वस्तू दोन असतात: एक पाहुण्याला द्यायला आणि दुसरी, त्याने पहिली चुकून घरी नेली तर. ही सवय मी डोंगरातही घेऊन जाते. बरोबर दोनच माणसं असली तरी माझ्या सॅकमध्ये पाचजणांचे मोजे निघतात. कुणाला काही लागलं आणि माझ्याकडे ते नसलं, तर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. जाऊ याला आजार म्हणते. मी त्याला वळण म्हणते.

आता जे सांगणार आहे ते वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. आता मोकळी झालेय, म्हणून सांगते.

गेल्या वर्षी आम्ही हिमाचलातल्या एका बर्फाच्या शिखरावर निघालो होतो. फार उंच नव्हे, साडेपाच हजार मीटरच्या आतलं, पण आमच्यासाठी ते पहिलंच. खालच्या तळापर्यंत खेचरं सामान नेतात. तिथून वर आम्ही दोघी आणि तिकडचा एक वाटाड्या, आपापलं ओझं आपापल्या पाठीवर. जावेने निघण्यापूर्वी माझी सॅक तपासली होती. त्यात तिला तीन नारळ सापडले. नारळ माझ्या सासूने दिले होते. आमच्याकडे रीतच आहे ती. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं तर तिथल्या राखणदाराला नारळ द्यायचा, रिकाम्या हाताने जायचं नाही. सासू कधी मुंबईपलीकडे गेलेली नाही, पण हिमालयाला राखणदार असणारच आणि तो आपल्या वेशीवरच्यासारखाच कडक असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. तिने एक नारळ नदीसाठी दिला, एक डोंगराच्या पायथ्यासाठी आणि एक अगदी टोकावर ठेवायला.

जाऊ म्हणाली, "ताई, एका नारळाच्या वजनात एका माणसाचं दिवसभराचं जेवण बसतं. हे इथेच राहतील." तिने ते काढून कोठीत ठेवले. ती आंघोळीला गेल्यावर मी ते परत घेतले. सासूला जाऊन 'आई, नारळ नेत नाही' असं सांगायची माझी छाती नव्हती. आणि नारळ घेतलेच आहेत तर लाडवांनी काय घोडं मारलंय, असं म्हणून सासूनेच केलेल्या नाचणीच्या तीस लाडवांचा स्टीलचा डबाही घेतला. सगळं एका निळ्या पिशवीत घालून सॅकच्या तळाशी कोंबलं. मांडव्याच्या धक्क्यावर लाँचमध्ये सॅक चढवताना तिथला माणूस म्हणाला, "काय ताय, घरचा पाटावरवंटा घेतलाव का काय?" जाऊ हसली. मीही हसले, जरा जास्तच.

तुम्ही म्हणाल, मग वाटेत कुठेतरी फोडून टाकायचे. पण फोडणार कधी? जाऊ चोवीस तास बरोबर. नदी आली, नदी गेली, नारळ पिशवीतच. पायथा आला तेव्हा ती माझ्या शेजारी बसून दोर गुंडाळत होती. तळावरच्या तंबूत पिशवी ठेवून जावी, तर खेचरवाल्याला ती सापडेल आणि तो जावेला सांगेल, अशी भीती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. म्हणून ती पिशवी मी वरच्या तळाकडे निघतानाही पाठीवर घेतली.

त्या दिवशी माझ्या पाठीवर पंधरा किलो होते, जावेच्या पाठीवर बारा. दगडधोंड्यांच्या चढावर मी मागे पडू लागले. दहा पावलं टाकायची आणि काठीवर रेलून उभं राहायचं. वाटाड्या सारखा उन्हाकडे बघत होता, कारण वर बर्फाचा एक आडवा उतार ओलांडायचा होता आणि तो ऊन चढायच्या आत ओलांडायला हवा. उशीर झाला की बर्फ मऊ होतं आणि पाय खाली दगडांच्या फटीत जातो. शेवटी जाऊ परत खाली आली, म्हणाली, "काहीतरी दे माझ्याकडे." मी नको-नको म्हणाले. तिने माझी सॅक उघडली, हात घातला आणि तिच्या हाताला लागली ती नेमकी निळी पिशवी.

"काय आहे यात?"

"पोहे," मी म्हणाले. "किलोभर असतील."

तिने पिशवी तिच्या सॅकमध्ये घातली, पट्टे आवळले आणि उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि थांबली. "ताई, किलोभर पोह्यांनी एवढा फरक पडतो?"

"उंचीवर असंच होतं," मी म्हणाले.

हे शब्द मी उच्चारले. कुणी माझ्याकडून बोलवून घेतले नाहीत.

आम्ही त्या उतारावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. जाऊ माझ्यापुढे दोरावर होती. अर्ध्या वाटेत तिचा डावा पाय मांडीपर्यंत बर्फात गेला, खाली दगडात अडकला, आणि पाठीवरच्या ओझ्याने तिला उताराच्या बाजूला फिरवलं. पाय जागेवर आणि ती वळलेली. ती ओरडली नाही, नुसती 'अगं आई' म्हणाली. वाटाड्याने आणि मी तिला उकरून काढलं. गुडघा सुजून दुप्पट झाला. वाटाड्या तिचा पाय बांधत होता तेव्हा मी काय केलं सांगू? तिच्या सॅकमधून निळी पिशवी काढून माझ्या सॅकमध्ये घातली. खाली तळावर पोचल्यावर नारळ आणि लाडू खेचरवाल्यांना देऊन टाकले, 'प्रसाद' म्हणून. त्यांनी हात जोडून घेतले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा प्रसाद होता तो.

गुडघ्याच्या आतला एक स्नायुबंध फाटला होता. चार महिने पट्टा. जमिनीवर बसणं बंद, शाळेत खुर्चीवरून शिकवणं. घरी मी तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. तिच्या वाटणीच्या भाकऱ्या मी केल्या, तिचे कपडे मी धुतले, रोज तिला अलिबागला सोडायला गेले. ती माहेरी फोनवर सांगत होती, "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं." मी आत मासे साफ करत होते. खवल्यांसकट जमिनीत जावंसं वाटलं.

पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. तिने सगळा दोष स्वतःवर घेतला. "मी घाई केली," म्हणायची. "माझाच पाय कच्चा." गुडघा बरा झाला, डॉक्टरांनी हवं ते करा म्हणून सांगितलं, दिवाळीनंतर आम्ही सागरगडावर जाऊन आलो, तरी ती उतरताना डावा पाय टाकण्यापूर्वी अर्धा क्षण थांबायची. ज्या बाईने मला कातळावर 'पायावर विश्वास ठेव' म्हणून शिकवलं, तिचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला होता. आणि तो का उडाला हे एकट्या मला माहीत होतं.

तर यंदाचा मे. पुन्हा तेच शिखर, तोच वाटाड्या. जावेने वही काढली. गणिताची बाई ती, तिला अंदाज चालत नाहीत. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची, ग्रॅम लिहायचे आणि मग वस्तूला विचारायचं, तू कशाला येतेस? पाच दिवस ओटीवर हा बाजार चालला होता. पाहुणे सकाळचा चहा घेता घेता बघत बसायचे.

पहिल्या दिवशी माझी औषधांची पेटी गेली. गोळ्यांच्या पट्ट्या कातरून जेवढ्या लागतील तेवढ्याच एका चिमुकल्या पिशवीत आल्या. उन्हाचं मलम डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत गेलं. टूथब्रशचा दांडा तिने करवतीने कापला, तेव्हा सासू म्हणाली, "आता दात पण थोडे काडून ठेव." उशी गेली, तिच्या जागी पिसांचं जाकीट गुंडाळून डोक्याखाली घ्यायचं ठरलं. मोज्यांचे दोन जोड, एक चालायचा आणि एक झोपायचा. विजेरी एक. माझी दुसरी विजेरी मी तीनदा ढिगात सरकवली आणि तिने तीनदा बाहेर काढली. तंबूला वेगळे खांब नकोत, चालायच्या काठ्याच खांब. दोर जाडा नको, तीस मीटरचा बारीक पुरेल. पातेलं एक, चमचे दोन, ताटं नाहीत. पाणी तीन लिटर वाहून न्यायचं नाही. ओढ्यावर पोटभर प्यायचं आणि बाटलीत एक लिटर घ्यायचं, कारण तिकडे ओढे पावलोपावली आहेत.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपलं कोकण कामाला आलं. कुळथाच्या पिठाला वजन नाही, पाच मिनिटांत पिठी होते आणि पोटाला धरून राहते. सुकटीची चटणी मूठभर नेली तरी चार जेवणं निघतात. आमसुलं नेली की थकव्यावरच्या गोळ्या विरघळवलेलं ते नारिंगी पाणी नको. डबाबंद परदेशी खाण्यापेक्षा हे हलकं निघालं, काट्यावर ठेवून सिद्ध झालं, आणि मला उगाच अभिमान वाटला. एकूण मजा येत होती. इतकं सगळं टाकूनही काही अडत नाही, हे माझ्यासारखीला पचायला वेळ लागला, पण रोज थोडं थोडं बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी मासळीवालीकडून आणलेला ताणकाटा आम्ही ओटीच्या तुळईला टांगला आणि सॅक त्याच्या हुकाला लावल्या. तंबू, दोर, गॅस दोघींत वाटून माझी सॅक बारा किलो, तिची दहा किलो सातशे. गेल्या वर्षीच्या मानाने मी उडी मारायची बाकी होते. ती मात्र काट्याकडे बघत राहिली.

"नऊवर येत नाहीये," ती म्हणाली.

"नऊ कशाला?"

तिने वहीचं जुनं पान उघडलं. त्यावर गेल्या वर्षीचा त्या दिवसाचा हिशेब होता. तिची सॅक बारा, अधिक पोहे एक, एकूण तेरा. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'तेराला पाय गेला.' तिने त्यावरून आपली मर्यादा ठरवली होती. तेराला पाय जातो, तर उताराला, थकव्याला, मऊ बर्फाला जागा सोडून नऊ. नऊपेक्षा जास्त घेऊन तिने त्या उतारावर जायचं नाही. आणि दोघींनी सगळं सामान पाठीवर न्यायचं तर नऊ होणं शक्य नव्हतं. काय काढणार? दोर? गॅस?

"तू जा ताई," ती म्हणाली. "वाटाड्याबरोबर जा. मुंबईच्या त्या मंडळींतली कुणी येईल दोराला. मी नाही येत. माझा पाय माझं ऐकत नाही, हे आकड्यांत दिसतंय."

ती चिडून बोलली असती तर मी निभावून नेलं असतं. ती शांतपणे वही मिटत होती. मला कळलं की आत्ता ही वही मिटली, तर ती या वर्षी येणार नाही, पुढच्या वर्षी येणार नाही, आणि कातळही सोडेल. सगळं माझ्या एका खोट्या किलोवरून. आणि खरं सांगितलं तर ती कदाचित माझ्याबरोबर दोराला कधीच येणार नाही. एका चुलीवर आम्ही दोघी, कदाचित ती चूलही एक राहणार नाही.

"तेरा नव्हते," मी म्हणाले. "सव्वापंधरा होते."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. कोठीतून नारळ परत घेतले तिथपासून खेचरवाल्यांच्या प्रसादापर्यंत, आणि घरी आल्यावर तेवढंच सामान मी गुपचूप काट्यावर ठेवून पाहिलं होतं तेही. मधे थांबले असते तर पुढे सांगू शकले नसते, म्हणून थांबलेच नाही.

ती उठली. वाडीत गेली, सोललेल्या ढिगातून तीन नारळ निवडून आणले. फडताळातून तो स्टीलचा डबा काढला, त्यात लाडवांएवढ्या वजनाचे तांदूळ भरले. सगळं एका पिशवीत घालून हुकाला लावलं. काटा सव्वातीनच्या जरासा अलीकडे थांबला. तिने वहीचं ते पान पुन्हा उघडलं, तेरा खोडले, त्या जागी सव्वापंधरा लिहिले. मग खालची ओळ खोडली.

"म्हणजे माझा पाय ठीक होता," ती म्हणाली.

"हो."

"मी वेडी नव्हते. ते ओझं खरंच जड होतं."

"हो गं."

ती मटकन चटईवर बसली, वर्षभरात पहिल्यांदा अशी बेसावध, मांडी घालून, आणि दोन्ही हातांनी डावा गुडघा धरून रडायला लागली. रडता रडता हसतही होती. मी जवळ गेले तर हात वर करून म्हणाली, "तुम्ही जरा लांब राहा."

ती मला एरवी 'तू' म्हणते. 'तुम्ही' झाले म्हणजे माझी रवानगी परक्यांत झाली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं की ताट उचलून पडवीत. दोघे भाऊ एकमेकांकडे बघायचे आणि वाडीत निघून जायचे. आणि मला काय वाटलं सांगू? मला इतकं हलकं वाटत होतं की त्या तीन रात्री मी वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपले. तिने रागवावं हे माझं देणं होतं आणि ते फिटत होतं.

चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "मी येते. माझी सॅक दहा सातशेच राहील. पण तुझी सॅक मी भरणार, आणि मी भरल्यावर तू तिला हात लावायचा नाही. आणि आईंना नारळाचं तू स्वतः सांगायचं." 'तू' ऐकून मला भरून आलं, पण मी नुसती मान हलवली.

सासू मागीलदारी सुपारी सोलत बसली होती. मी समोर उकिडवी बसले आणि सांगून टाकलं, "आई, गेल्या वर्षीचे नारळ मी लपवून नेले. त्या ओझ्यानेच धाकटीचा गुडघा गेला. यंदा मी नारळ नेणार नाही."

तिने अडकित्ता खाली ठेवला. "लपवून कशाला?"

"ती नको म्हणाली होती. आणि तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

"का, तोंड न्हाय तुला? एकवीस वरसं झाली तुला या घरात. मी देतंय नि तू घेतंस. कदी नको बोललीस? मना वाटलं, तुला लागतात."

मी एकवीस वर्षं तिच्या शब्दाखातर जे जे नेलं, ते ती माझी आवड म्हणून देत होती.

"देवाला मी हितूनच हात जोडीन," ती म्हणाली. "तो काय नागावात न्हाय?" मग जरा थांबून, "मग ती सांडगी मिरची? ती पण नको का?"

"ती पण नको," मी म्हणाले. "घरात कुणीच खात नाही."

"बरं झालं बाय," ती म्हणाली आणि अडकित्ता उचलला. "दर उन्हाळ्यात वाळवून वाळवून माजी कंबार गेली."

शिखरावर आम्ही पोचलो. त्याचे फोटो खोल्यांच्या भिंतींवर लागले आहेत आणि पाहुणे विचारतात तेव्हा आम्ही दोघी भाव खातो. पण माझ्या मनात राहिला आहे तो आदला दिवस.

वरच्या तळाकडे निघालो तेव्हा मी दर दहा पावलांना थांबत नव्हते. माझीच मला गंमत वाटत होती. सॅक पाठीला घट्ट बसली होती, खांदे दुखत नव्हते, आणि मान खाली घालून दगड मोजायच्याऐवजी मला चक्क आजूबाजूचे डोंगर दिसत होते. गेल्या वर्षी मी इथून गेले होते, पण हे पाहिलंच नव्हतं. वाटाड्या एकदा मागे वळून म्हणाला, "दीदी, इस बार आप कोई और हो."

त्या उतारावर आम्ही सकाळी नऊच्या आत पोचलो. बर्फ टणक होतं, बुटांचे काटे त्यात करकर रुतत होते. वाटाड्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मधे जाऊ, शेवटी मी. ती जागा मी ओळखली. काळ्या दगडाचं टोक तसंच बाहेर आलेलं होतं. जाऊ तिथे पोचली. माझ्या हातातला दोर मी इतका आवळला होता की बोटं बधिर झाली. तिने डावा पाय उचलला, टाकला आणि त्यावर सगळा भार दिला. मग उजवा. मग पुन्हा डावा. थांबली नाही. पलीकडे पोचून तिने हातातली बर्फावर चालायची कुऱ्हाड रोवली आणि दोर आवरायला घेतला.

मी पलीकडे गेले तेव्हा ती एका सपाट खडकावर बसली होती. आम्ही आमसुलाचं पाणी प्यालो. वाटाड्या पुढची वाट बघायला थोडा वर गेला. तिने त्या काळ्या दगडाकडे बोट दाखवलं.

"ताई, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "त्या दिवशी इथे मला भयंकर भूक लागली होती. पाय अडकला त्याच्या अगदी आधी मी मनात ठरवत होते, की पलीकडे पोचलो की आधी ते पोहे काढायचे. कच्चेच खायचे."

मी बाटली खाली ठेवली.

"तीस लाडू होते माझ्या पाठीवर," ती म्हणाली. "नाचणीचे. आईंच्या हातचे. आणि मी पोह्यांची वाट बघत होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर त्या लाडवांचं वाईट वाटत होतं. मी रडायला लागले, आधी हळू आणि मग चांगलीच हुंदके देऊन. तिने मला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. माझं होईपर्यंत तिने तिची सॅक पाठीवर घेतली, पट्टे आवळले, मग दोराचं टोक माझ्या कंबरेला आहे ना ते स्वतः ओढून बघितलं.

"चल," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत वर पोचू."